ळ ची तक्रार

सातपूरच्या आमच्या शाळेत एक वही आहे,
दोनशे पानी, पुठ्ठ्यावर द्राक्षांच्या औषधाची जाहिरात.
तारीख, वर्ग, अडचण, शेरा.
अडचण त्यांनी लिहायची, शेरा मी.

‘प्रोजेक्टर निळा दिसतो.’ वायर सैल होती.
‘प्रिंटर रुसला.’ कागद नव्हता.
‘पोर्टल पासवर्ड मागतंय, दिला होता की मागच्या वर्षी.’
इथे शेऱ्याची जागा
अजून कोरी आहे.

अंबडच्या कंपनीत होतो तेव्हा मशीन बंद पडलं
की सुपरवायझर ओरडायचा.
इथे बाई दारात उभ्या राहतात, बोटांत खडू तसाच,
आणि गुन्हा कबूल करावा तशा म्हणतात,
जरा बघता का, मी काहीच केलं नाही हो.
मी माउस हलवतो. चालू होतं.
त्या ओशाळतात.
मग मला उगाच दोन मिनिटं
काहीतरी अवघड करत असल्यासारखं बसावं लागतं.

देवरे बाईंनी वहीत कधीच काही लिहिलं नाही.
ऑफिसातल्या नोटिसा, याद्या, मस्टरची पानं
सगळं त्याच टाइप करतात, दोन बोटांनी, पण वेगात.

दिवाळीनंतर त्यांची भाषा बदलली.
‘सर्वांनी प्रातःसमयी विद्यालयात उपस्थित राहावे.’
‘क्रीडा स्पर्धेच्या कारणाने अंतिम दोन तास होणार नाहीत.’
खैरनार सर म्हणाले,
बाईंनी संस्कृतचा क्लास लावला वाटतं.
स्टाफरूम हसली. बाईही हसल्या.
चहा गार होईपर्यंत तेवढाच विषय.

मग दहावीच्या सराव परीक्षेची यादी लागली
आणि पिंगळे सर ती भिंतीवरून काढूनच घेऊन आले,
टाचणीसकट.
हे पिंगले कोण?
आमच्याकडे खापरपणजोबांपासून पिंगळे आहेत.

ळ येत नाही, बाई म्हणाल्या.
कुणाला?
मशीनला. चौकोन येतो.

कधीपासून, मी विचारलं.
झाले दोन महिने. तुमच्यामागे केवढा व्याप,
आणि काम काही अडत नव्हतं.
प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द सापडत होता.
आडनावाला नाही सापडला.

मी बसलो. खुर्ची अजून गरम होती.
फाँटची फाइल अर्धीच उतरलेली.
ती मीच टाकली होती,
सुट्टी लागायच्या दिवशी, पाच दहाची बस चुकू नये म्हणून
शेवटपर्यंत न थांबता.
चार मिनिटांचं काम.

लिहून बघा.

बाईंनी बोट पदराला पुसलं.
ळ.
थोडं थांबल्या, जाईल की काय म्हणून.
मग एक अख्खी ओळ
ळळळळळळळळळळळळळळळ
आणि तिच्याखाली
शाळा
फळा
वेळ
कळवण.
त्यांचं माहेर तिकडचं.
माझ्याकडे न बघता सगळं पुसून टाकलं
आणि म्हणाल्या, येतो की.

सुटताना सहीसाठी मस्टर उघडलं.
कायम कर्मचाऱ्यांची नावं संपली की एक रेघ,
रेघेखाली मी:
शेवाले.
दोन महिने त्याच्यापुढे सही करतोय.
पाहिलं नव्हतं असं नाही.
वाटलं, अकरा महिन्यांच्या माणसाचं नाव
असंच लिहीत असतील.

वहीत आज दोन्ही रकाने मीच भरले.
अडचण: ळ येत नव्हता.
शेरा: आला.

मस्टरमधल्या ल चा पेनाने ळ करून पाहिला.
होत नाही. नुसतं गिचमीड झालं.
बाईंनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाल्या,
राहू द्या शेवाळे,
उद्या नवीन पान काढते.